कॉर्टिसोल खाली आणायला अजून कोणती वनस्पती घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा. ताई ३६ वर्षांच्या, राहायला घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये. कामाची पाळी संध्याकाळी सहा ते रात्री अडीच. झोपायला पहाटेचे चार होतात, साडेनऊला जाग येतेच. काही महिन्यांपासून छातीत धडधड, केस गळणं, पोटाचा घेर वाढणं, आणि बीपी पूर्वी कायम १२०च्या आत असायचं ते आता १४०/९०. हेल्थ पॅकेजमध्ये कॉर्टिसोल २४ आलं, शेजारी ठळक अक्षरात 'जास्त'. तेव्हापासून रोज अश्वगंधाच्या दोन गमीज, रात्री दुधातून अश्वगंधाचं चूर्ण, आणि चहा सोडून ज्येष्ठमध-तुळशीचा काढा दिवसाला तीन-चार कप. त्याआधीपासून थायरॉईडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी आणि पीसीओडीसाठी हार्मोनच्या गोळ्या. त्या विचारतात: कॉर्टिसोल उतरायला अजून काय घेऊ, ब्राह्मी की जटामांसी? आणि मुलगा दहावीत आहे, त्याला शंखपुष्पीचं सिरप सुरू करू का?

ताई, नवीन काहीही सुरू करू नका. उलट जे चालू आहे त्यातलं ज्येष्ठमध आणि अश्वगंधा, दोन्ही आजच थांबवा. थायरॉईडची गोळी आहे तशी चालू ठेवा. पीसीओडीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सोडू नका, पण बीपी १४०/९० झालंय हे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात सांगा. या गोळ्यांत इस्ट्रोजेन असेल, आणि बहुतेक असतंच, तर त्यानेही बीपी चढतं. या आकड्याला बऱ्याचदा गोळी बदलावी लागते.

वैद्य असून वनस्पती बंद करायला सांगतेय याचं नवल वाटेल. नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात हल्ली लोक नाडी दाखवायच्या आधी पिशवी टेबलावर ओततात: दोन बाटल्या, एक पाकीट, एक सॅशे, सगळ्यांवर पान नाहीतर मुळी छापलेली. प्रत्येक गोष्ट वेगळ्या माणसाने सुचवलेली असते. औषध चांगलं की वाईट हे मी नंतर बघते. आधी बघते ते एवढंच, की या पिशवीतल्या गोष्टी एकमेकींना काय करताहेत. तुमच्या बाबतीत तर प्रत्येक तक्रारीचा धागा पिशवीत सापडतोय.

आधी तो २४चा आकडा. कॉर्टिसोल हे मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून येतं. मेंदूतून पियुषिका ग्रंथीला हुकूम जातो आणि पियुषिकेकडून खाली. निरोगी माणसात ते सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात जास्त असतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. म्हणून रक्त किती वाजता काढलं, आणि त्या माणसाची 'सकाळ' किती वाजता होते, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. प्रयोगशाळेची मर्यादा रात्री झोपून सकाळी उठणाऱ्यांसाठी छापलेली असते. तुम्ही चारला झोपलात, आणि प्रयोगशाळेकडून घरी आलेल्या मुलाने दहाला सुई टोचली. म्हणजे नमुना नेमका तुमच्या शिखराच्या वेळेला, अर्धवट झोपेत, दचकून उठल्यावर घेतलेला.

त्यात हार्मोनच्या गोळ्या. रक्तातलं बहुतेक कॉर्टिसोल एका वाहक प्रथिनाला चिकटून फिरतं, थोडंसंच मोकळं असतं आणि शरीरावर काम तेच करतं. इस्ट्रोजेनने हे वाहक प्रथिन वाढतं. लोकल बाराची पंधरा डब्यांची केली की बसलेली माणसं वाढतात, दारात लटकणारी तेवढीच राहतात, तसं. साधी तपासणी बसलेले आणि लटकणारे सगळे एकत्र मोजते. त्यामुळे या गोळ्या घेणाऱ्या बाईचं एकूण कॉर्टिसोल जास्त दिसतं आणि त्याचा ताणाशी काही संबंध नसतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल (केसांच्या बहुतेक गमीजमध्ये ते असतं) तर तेही काही यंत्रांवर थायरॉईड आणि कॉर्टिसोल दोन्हींचे आकडे बिघडवतं. तपासणीआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवायचं आणि घेत होतो हे प्रयोगशाळेत सांगायचं.

कॉर्टिसोल खरोखर वाढवणारा आजार असतो, त्याला कुशिंग म्हणतात. त्यात चेहरा गोल होतो, पोटावर-मांड्यांवर रुंद जांभळट चरे उमटतात, जराशा धक्क्याने काळं-निळं होतं, आणि जमिनीवर बसलं की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. यातलं काही असेल तर सरळ हार्मोनतज्ज्ञांकडे जा. त्याची तपासणी २४ तासांच्या लघवीतलं मोकळं कॉर्टिसोल, रात्री उशिराची लाळ, किंवा रात्री डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी रक्त, अशी होते. तुमच्यासारख्या रात्रपाळीवाल्यांना लाळेची तपासणी फसवी ठरते आणि हार्मोनच्या गोळ्या चालू असताना डेक्सामेथासोनची. लघवीचीच बरी. आणखी एक विचारून ठेवते: चेहऱ्याला उजळपणासाठी कुठलं क्रीम लावता का? आपल्याकडे त्यातल्या कितीतरी ट्यूबमध्ये सरळ स्टेरॉईड असतं. तसंच 'सांधेदुखीवर रामबाण' म्हणून मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांमध्येही सापडतं.

नेटवर 'अॅड्रिनल फटीग', म्हणजे ताणाने अधिवृक्क ग्रंथी थकून जातात, असा जो आजार विकला जातो त्याला हार्मोनतज्ज्ञांच्या संघटना आजार मानत नाहीत. त्यावर वेळ घालवत नाही.

आता ज्येष्ठमध. तुमच्या पिशवीतली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट हीच, आणि तीच तुम्हाला सगळ्यात निरुपद्रवी वाटत असणार. खोकल्याला तोंडात काडी धरतो, गवयी मंडळी तर डबीत बाळगतात. तेवढ्याने काही होत नाही. पण तीन-चार कप काढा, तोही रोज, महिनोन्‌महिने, ही वेगळी गोष्ट. आपल्या मूत्रपिंडांत एक विकर (एन्झाइम) असतं. त्याचं काम असं की तिथे पोचलेल्या कॉर्टिसोलचं निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकायचं. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन नेमकं त्या विकराला अडवतं. मग तिथलं कॉर्टिसोल मोकाट सुटतं आणि मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. बीपी चढतं, पायांवर सूज येते, पोटॅशियम खाली जातं. पोटॅशियम उतरलं की पिंढऱ्यांत गोळे येतात आणि हृदयाचे ठोके चुकतात. म्हणजे कॉर्टिसोल कमी करायचं म्हणून तुम्ही जो काढा पीत होतात तो मूत्रपिंडात कॉर्टिसोलचाच जोर वाढवत होता. युरोपातल्या तज्ज्ञ समितीने ग्लायसिरायझिनची रोजची वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम सुचवलीय. मुठीच्या अंदाजाने टाकलेल्या काड्या चार कपांत उकळल्या तर ती सहज ओलांडली जाते. बंद केल्यावरही परिणाम उतरायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तेव्हा चार दिवसांत बीपी खाली आलं नाही म्हणून 'ज्येष्ठमध नव्हतंच' असं ठरवू नका.

यावर कोणी म्हणेल, चरकांनी ज्येष्ठमध मेध्य रसायन, म्हणजे बुद्धी-स्मरणाला बळ देणारं औषध, सांगितलंय. सांगितलंय. मंडूकपर्णीचा स्वरस, ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधातून, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, अशी ती चार आहेत. पण रसायन द्यायच्या आधी माणूस तपासायचा, शोधन (शरीरशुद्धी) करायचं, पचन बघायचं, हेही तिथेच आहे. ते कोणी पाकिटावर छापत नाही. आणि गंमत बघा, या चारांत अश्वगंधा नाही.

अश्वगंधा मात्र चांगलं औषध आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी ती वापरते. वाळलेला, दमलेला, अंथरुणात तळमळणारा माणूस असेल, तोंडाला चव असेल आणि पोट साफ असेल, तर हिवाळ्यात दुधात शिजवून देते. एक भाग चूर्ण, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आच. मूळ चांगलं कसं ओळखायचं ते सांगते, कारण जांभळी नाक्याला काष्ठौषधीच्या दुकानात लोक चूर्णच मागतात आणि तिथेच फसतात. आख्खी मुळी मागा. बाहेरून मातकट पिवळी, बोटाएवढी किंवा बारीक, सरळ. मोडली की खट्‌कन तुटली पाहिजे, आत पांढरी पिठूळ दिसली पाहिजे. चोळून हुंगलं की घोड्याच्या तबेल्याची आठवण व्हावी. वाकते पण तुटत नाही अशी धागेदार मुळी परत करा. बाजारातला बराच माल मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरकडून येतो. चूर्णात आणि अर्कात पानं मिसळण्याचे उद्योग चालतात, म्हणून आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका अशी सूचना काढली. पाकिटावर 'मूळ' असं स्वच्छ लिहिलेलं नसेल तर ठेवून द्या.

कॉर्टिसोलबद्दल जे सगळीकडे सांगतात ते मुख्यतः हैदराबादच्या एका अभ्यासावरून. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला, ६४ माणसं, निम्म्यांना मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निम्म्यांना नुसती बनावट गोळी, ६० दिवस. अर्क घेणाऱ्यांचं सकाळचं कॉर्टिसोल साधारण २८ टक्के उतरलं, ताणाचे गुणही उतरले. नंतरचे काही छोटे अभ्यासही त्याच बाजूचे आहेत. यावरून एवढं म्हणता येतं की ताणाखालच्या, एरवी धडधाकट माणसाला दोन महिने याचा उपयोग होतो असं दिसतं. वर्षभर घेतलं तर काय, आणि थायरॉईडची गोळी घेणाऱ्या, हार्मोनच्या गोळ्यांवर असलेल्या, रात्रपाळीच्या बाईत काय, हे त्यातून कळत नाही.

आणि थायरॉईडचीच तर तुमच्याकडे खरी गोम आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थायरॉईड जरासं मंद असलेल्या ५० जणांपैकी निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम अर्क आठ आठवडे दिला, तर त्यांचं टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं पियुषिकेचं हार्मोन) उतरलं आणि टी३-टी४ (थायरॉईडची स्वतःची हार्मोन्स) वाढली. ज्याला गोळी चालू नाही त्याला हे बरंच वाटेल. पण तुमची गोळी आधीच मापून दिलेली आहे. त्यावर अश्वगंधा, तीही गमी आणि चूर्ण अशी दुहेरी, म्हणजे थायरॉईड गरजेपेक्षा जास्त होण्याची शक्यता. त्याची लक्षणं कोणती? धडधड, केस गळणं, झोप उडणं, घाम. यातली पहिली दोन तुम्ही स्वतःच लिहिली आहेत. मी तुम्हाला न तपासता खात्रीने सांगू शकत नाही, पण टीएसएच आणि फ्री टी४ करायला तेवढं कारण पुरे आहे. आता एकदा करा आणि अश्वगंधा थांबवल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा. मधल्या काळात गोळीचा डोस स्वतः बदलू नका.

यकृताचंही एक आहे. क्वचित होतं, पण होतं: अश्वगंधेवर असताना कावीळ आणि अंगाला खाज आल्याचे रुग्ण आइसलँड-अमेरिकेतून २०२० मध्ये नोंदवले गेले, त्यानंतर भारतातूनही. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये बंदीच घातली. मला ती बंदी टोकाची वाटते. पण लघवी गडद पिवळी झाली, अंग खाजायला लागलं, भूक मेली तर 'डिटॉक्स होतंय' असं समजून घेत राहू नये. गरोदरपणात आणि मूल होऊ द्यायचा विचार असताना अश्वगंधा नको. झोपेच्या गोळ्यांबरोबर नको.

ब्राह्मी की जटामांसी विचारलंत. ब्राह्मी सौम्य आहे, पण धीर लागतो. मोठ्या माणसांवरचे बरेचसे अभ्यास बारा आठवड्यांचे आहेत आणि फायदा मुख्यतः स्मरणशक्तीत दिसतो. ताणावर ती झटपट काम करते असं मला दवाखान्यातही दिसलेलं नाही. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ आणि ढाळ होतात, म्हणून जेवणानंतर. कुंडीत लावायची असेल तर बघून घ्या. ठाण्याच्या नर्सऱ्यांत 'ब्राह्मी' म्हणून जी गोल, किडनीच्या आकाराच्या पानांची वेल देतात ती मंडूकपर्णी. खरी ब्राह्मी बारीक, जाडसर, लंबुळक्या पानांची असते आणि ओलीत वाढते. जटामांसी झोपेसाठी मला आवडते, पण हिमालयात तीन हजार मीटरच्या वर वाढणारी ही वनस्पती उपटून उपटून संपत आलीय, बाजारात तिच्या नावावर तगर खपवतात, आणि ठरावीक मापाची जटामांसी मिळेल याची खात्री नाही. तुम्हाला सध्या दोन्ही नकोत.

जाता जाता सर्पगंधा. झोपेच्या जुन्या चूर्णांत अजून असते. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये तिचा बीपीवरचा उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष गेलं. मग तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, आणि काही रुग्णांत ते खोल उदासी आणतं असंही लक्षात आलं. ताणासाठी कोणी सर्पगंधा सुचवली तर वैद्य बदला.

मग करायचं काय? ज्येष्ठमध-अश्वगंधा थांबवल्यावर पहिले दोन आठवडे बीपी रोज एकाच वेळी, पाच मिनिटं शांत बसून, वहीत लिहा. टीएसएच-फ्री टी४ बरोबर पोटॅशियम, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह) करून घ्या. केसांच्या मागे लोहाची कमतरता फार वेळा निघते. एक ईसीजी. धडधडीबरोबर छातीत दुखलं, दम लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर या यादीची वाट न बघता जवळचं रुग्णालय गाठा.

आणि झोप. साडेपाच तास झोपून कुठल्याही मुळीने तुमचं कॉर्टिसोल जागेवर येणार नाही. कामाची पाळी बदलता येत नसेल असं धरूनच सांगते. अडीचला सुटून तुम्ही सव्वातीनला घरी असता, मग पाऊण तास मोबाईलवर जातो. तो काढा. साडेतीनला दिवा बंद, अकराला उठणं, आणि सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ फार पुढेमागे करायची नाही. खिडकीला जाड काळा पडदा. साडेनऊला बेल कोण वाजवतं ते शोधा: कामवाल्या मावशी, कुरिअर की सोसायटीचा रखवालदार. मावशींची वेळ साडेअकरा करून घेतली एवढ्यावर झोप सुधारलेल्या बायका मी बघितल्यात. उठल्यावर अर्धा तास उन्हात, गच्चीवर किंवा खाली बागेत. ऑफिसातल्या मशीनची रात्री बाराची कॉफी बंद. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास घेतं, आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर असलेल्या बाईत जवळजवळ दुप्पट. तुमची आजची कॉफी उद्या सकाळपर्यंत अंगात असते. कॅफिनने कॉर्टिसोलही वाढतं, ते वेगळंच. चहा उठल्यावर खुशाल प्या, फक्त थायरॉईडच्या गोळीनंतर अर्धा-एक तास जाऊ द्या. काढ्यासाठी चहा सोडलात तो सोडायची गरजच नव्हती.

झोपताना तळपायांना कोमट तीळतेल चोळा, दहा मिनिटं, काशाची वाटी असली तर तिने. मग दिवा बंद करून मिनिटाला सहाच्या आसपास इतका संथ श्वास, उच्छ्वास लांब. याला पैसे पडत नाहीत म्हणून लोक याला औषध मानत नाहीत.

दीड-दोन महिन्यांनी थायरॉईड आणि बीपी जागेवर आलं, झोप सात तासांची झाली, आणि तरीही मन धास्तावलेलं राहिलं, तर समोर बसून बघू. तेव्हा एकच वनस्पती, एकाच कारणासाठी, आठ ते बारा आठवडे, आणि बंद करण्याची तारीख आधीच ठरवून. दरम्यान रोज रडू येणं, कशातच मन न लागणं, जगणं नकोसं वाटणं असं काही असेल तर माझी किंवा कुठल्याच वैद्याची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. ठाण्यात मनोरुग्णालयाची बाह्यरुग्ण सेवाही आहे. तिथे जायला लोक उगाच कचरतात. मानसोपचाराच्या गोळ्या सुरू झाल्या तर त्यांच्याबरोबर कुठलीही वनस्पती न विचारता घेऊ नका. सेंट जॉन्स वर्ट नावाची जी परदेशी कॅप्सूल ऑनलाइन मिळते ती तर मुळीच नको. ती अशा गोळ्यांशीही भांडते आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा असरही घालवते.

राहिला मुलगा. त्याला फिट्सचा त्रास असेल आणि फेनिटॉइन चालू असेल तर शंखपुष्पीला हातही लावायचा नाही. त्या औषधाची रक्तातली पातळी तिने उतरते, हे मुंबईतल्या केईएमच्या संशोधकांनी १९९२ मध्येच दाखवलंय. तसं काही नसेल तर सिरपने अपाय होणार नाही, पण त्यात साखर भरपूर असते आणि महिन्याभरात गणिताचे मार्क वाढतील असं काही त्यात नाही. तो रात्री किती वाजता झोपतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही घरी येता तेव्हा जागा असेल, तर सिरपचे पैसे ठेवा आणि पूर्वपरीक्षेपर्यंत त्याला अकराला झोपवायची जबाबदारी घरातल्या दुसऱ्या कोणावर तरी टाका.